बेटावरचं बिऱ्हाड : मुंबईच्या हवेत चित्रं, वाद्यं आणि वह्या कशा टिकवाव्यात

मुंबई हे उष्ण कटिबंधातलं बेट आहे, हे रोज माहीमची खाडी ओलांडणाऱ्यालाही आठवत नाही. सात बेटं भराव घालून एक झाली, १८४५ साली माहीमच्या कॉजवेने ती साष्टीला जोडली गेली. नकाशा बदलला, हवा मात्र समुद्राचीच राहिली. चित्रकार, वादक, फोटोग्राफर किंवा हाताने लिहिणारा माणूस इथे खोली बघायला जातो तेव्हा स्टेशन किती लांब आणि पाणी किती वाजता येतं, एवढंच विचारतो. कागदाला, कातड्याला आणि काचेला त्या खोलीत काय सोसावं लागणार, ते जुलैत कळतं. तोवर डिपॉझिट देऊन झालेलं असतं.

आधी मिठाची बरणी बघा

शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात, म्हणून ते थोडं आधीच पाझरतं. बरणीत तांदळाचे चार दाणे टाकायची पद्धत त्यावरच निघाली. आता हेच मीठ वाऱ्याबरोबर येऊन सतारीच्या तारेवर, कॅमेऱ्याच्या स्क्रूवर, हार्मोनियमच्या पितळी सुरांवर, म्हणजे रीड्सवर, बसतं असं समजा. दिवसा ते कोरडं, निरुपद्रवी. रात्री हवा ७५ च्या पुढे गेली की त्याचं खारं पाणी होतं आणि ते धातू खातं. वरळी-वर्सोव्याच्या समुद्रासमोरच्या घरात तारा मे महिन्यातही गंजतात त्या यामुळे. पावसाची वाट बघावी लागत नाही. उपाय साधा आहे: वाजवून झालं की तारा कोरड्या सुती फडक्याने पुसायच्या, कॅमेरा चौपाटीवरून आला की आधी किंचित ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने. कॅमेऱ्यावरचं मीठ नुसत्या कोरड्या फडक्याने निघत नाही, पसरतं.

पहिली खरेदी आर्द्रता-मापकाची, म्हणजे हायग्रोमीटरची. काही शे रुपयांत मिळतो, आणि स्वस्तातला असला की पाच-सात टक्क्यांनी खोटं बोलतो. त्याची परीक्षाही मिठानेच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबथेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि मापक एका हवाबंद डब्यात ठेवून बारा तास हात लावू नका. आकडा ७५ यायला हवा. ७० आला तर आपला मापक पाच कमी दाखवतो, हे त्याच्या पाठीवर मार्करने लिहून टाका. मग तो टेबलावर शोभेला ठेवू नका. सामान जिथे आहे तिथे, कपाटाच्या आत, भिंतीकडच्या बाजूला ठेवा. खोलीच्या मध्यभागी ७० असताना कपाटामागे ८५ असू शकतात.

आर्द्रता ६५ च्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही. ७० च्या वर चार-आठ दिवस सलग गेले की धरते. कॅमेरा आणि गिटार ४५ ते ५५ मध्ये सुखी असतात. पण अख्खी खोली ५० वर आणायचा नाद धरू नका, विजेचं बिल भरता भरता रंग घ्यायला पैसे उरणार नाहीत. खोली ६५-७० वर, त्यातलं कपाट ६० वर, आणि कपाटातला डबा ४५ वर, असे तीन टप्पे करा. कुठली वस्तू कुठल्या टप्प्यात ठेवायची, हे ठरलं की निम्मं काम झालं.

खोली

तळमजला आणि शेवटचा मजला टाळता आले तर टाळा. तळमजल्याला जमिनीतून ओल चढते, भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांना पोपडे धरतात. शेवटच्या मजल्यावर सगळं गच्चीच्या वॉटरप्रूफिंगच्या वयावर. पश्चिम आणि नैऋत्य बाजूची बाहेरची भिंत पावसाचा मारा खाते. तिला कपाट टेकवायचं नाही, तिच्यावर चित्र टांगायचं नाही. खोली मे महिन्यात बघायला गेलात तर रंग नुकताच काढलेला असेल. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघा, रंग फुग्यासारखा दबला तर आत ओल आहे.

ओल भिंतीतली की हवेतली, हे ठरवायला एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला बंद करा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय. अशा वेळी यंत्रं लावून काही होत नाही. वरच्या मजल्याची मोरी किंवा बाहेरची चीर बुजवायला हवी, आणि सोसायटीच्या गतीने तो प्रश्न एक पावसाळा तरी खातो. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर दोष हवेचा, आणि तो आपल्या हातात आहे.

हवेचा हिशेब एका आकड्यावर चालतो. जुलैत हवा २८ अंश आणि ८५ टक्के असली तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो. २५ पेक्षा थंड असलेली कुठलीही वस्तू या हवेत आली की तिच्यावर पाणी धरणार, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर धरतं तसं. आता एसी २० वर लावून रात्रभर झोपायचं, सकाळी तो बंद करून खिडक्या उघडायच्या, हे मुंबईत घरोघरी चालतं. त्या दहा मिनिटांत पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, लेन्सवर, गिटारच्या तारांवर दव पडतं. एसी २६-२७ वर, ड्राय मोडवर, एकसारखा चालवा. बंद केल्यावर अर्धा-पाऊण तास खिडकी उघडू नका. कॅमेरा एसीच्या खोलीतून बाहेर न्यायचा असेल तर बॅगेची चेन लावूनच न्या आणि बाहेर गेल्यावर वीस-तीस मिनिटं उघडू नका.

कामाच्या खोलीत कपडे वाळत घालू नका. मशीनमधून पिळून निघालेल्या एका धुण्यात दोनेक लिटर पाणी असतं आणि ते सगळं हवेत जातं. डीह्युमिडिफायर घेणार असाल तर दहा बाय बाराच्या खोलीला दिवसाला १० ते १२ लिटर ओढणारा पुरतो. खिडकी उघडी ठेवून तो लावणं म्हणजे अरबी समुद्र उपसायला बसणं. शिवाय तो खोली दोन-तीन अंश तापवतो, तेव्हा तुम्ही बाहेर असताना चालवलेला बरा.

कपाट

जुन्या घरांत तबल्याच्या कपाटात बल्ब जळत असे. त्यामागचं गणित पक्कं आहे. हवा २८ अंश आणि ८५ टक्के असेल आणि ती चार अंश तापवली, तर पाणी तेवढंच राहून आर्द्रता ६७-६८ वर येते. सहा अंश तापवली तर ६० वर. पाणी काढायची गरज नाही, फक्त ऊब हवी. पण आज दुकानात ‘झिरो बल्ब’ मागितला की एलईडी मिळतो. तो तापतच नाही, त्यामुळे कपाटात उजेड पडतो आणि बुरशी आपली वाढत राहते. तारेचा, १५ वॉटचा बल्ब हवा; लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारात अजून मिळतो. बंद लाकडी कपाटात एक बल्ब तळाशी, त्याभोवती जाळीचं आवरण, आणि कापड, कागद किंवा कातडं त्याच्यापासून किमान एक फूट लांब. कपाटाच्या खाली आणि वर एकेक इंचाची दोन-दोन भोकं पाडा, नाहीतर ऊब एका कोपऱ्यात साचते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि पायांवर उभं असावं.

पुस्तकं आणि वह्या याच टप्प्यातल्या. त्या फळीवर घट्ट कोंबू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. कसर लागू नये म्हणून वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवायची पोथ्यांची रीत अजूनही चालते. डांबराच्या गोळ्या किडीला दूर ठेवतात, बुरशीला नाही. हा गैरसमज फार महाग पडतो. बुरशी धरलेलं पुस्तक ओलं असताना पुसायचं नाही, डाग कागदात रुतून बसतो. आधी पंख्याखाली पूर्ण वाळवा, मग गॅलरीत नेऊन, नाकाला मास्क लावून, मऊ ब्रशने बाहेरच्या बाजूला झटका. पुस्तक भिजलंच तर ४८ तासांच्या आत वाळवायला घ्या, कारण त्यानंतर बुरशी सुरू होते. गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. वेळ नसेल तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि सवडीने काढा.

पाणी शोषणारे जे पांढरे डबे मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. काम चांगलं करतात, पण तळाशी साचणारं पाणी धातू आणि चामडं दोन्ही खातं. हा डबा नेहमी सगळ्यात खालच्या फळीवर ठेवायचा. वरच्या फळीवर ठेवून तो कलंडला की खालची लेन्स गेली.

डबा

लेन्स, हार्ड डिस्क, निगेटिव्ह, मायक्रोफोन, चांगला जलरंगाचा कागद, हे सगळं डब्यात. रबरी गॅस्केटचा, २० लिटरचा, धान्याचा असला तरी चालेल. त्यात २०० ते २५० ग्रॅम सिलिका जेल. निळं न घेता नारिंगी घ्या. निळ्यातला कोबाल्ट क्लोराइड विषारी असतो. रंग बदलला की ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजून परत वापरता येतं. त्यासाठी जुना ओव्हन वेगळा ठेवा.

डबा उघडला की सगळं वाया जातं, ही भीती खोटी आहे. ३० अंश, ८५ टक्क्यांच्या २० लिटर हवेत पाणी असतं जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि २०० ग्रॅम जेल चाळीसेक ग्रॅम पिऊ शकतं. जेल संपतं ते कॅमेऱ्याच्या कापडी पट्ट्याने, फोमच्या खोळीने, चामड्याच्या पाकिटाने. घामाने आणि पावसाने भिजलेली ही मंडळी आत गेली की सगळं जेल तीच खातात. वस्तू नागडी ठेवा, खोळ बाहेर. दुसरी चूक उलट बाजूची: उत्साहाने अर्धा किलो जेल ओतून आर्द्रता २५ वर आणायची. मग रबर कडक होतं आणि लाकडाला चीर जाते.

कागद आणि रंग

जलरंगाच्या कागदाला जिलेटिनचं खळ असतं. दमट हवेत ते जागोजागी मरतं आणि कागद टीपकागदासारखा रंग पितो. नवा कोरा दिसणारा, महागाचा, १०० टक्के कापसाचा ३०० ग्रॅमचा कागद, आणि आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) टाकला की मध्येच काळपट ठिपके. तो दोष तुमच्या हाताचा नाही. गठ्ठ्यातला कागद वापरण्याआधी कोपऱ्यावर रुंद ब्रशने साधं पाणी फिरवा. पाणी एकसारखं चमकत राहिलं तर ठीक, कुठे चटकन गडद डाग पडला तर खळ गेलं. असा कागद फेकू नका, कोळसा आणि पेस्टलला उत्तम चालतो. पावसाळ्याआधी वर्षभराचा कागद आणून ठेवायचा मोह टाळा. अब्दुल रहमान स्ट्रीटचा कागदबाजार कुठे पळून जात नाही. लागेल तसा पाच-दहा ताव आणा आणि थेट डब्यात टाका.

पॅनमधल्या, म्हणजे वडीच्या, जलरंगांत मध किंवा ग्लिसरीन असतं, म्हणून ते जुलैत वाळतच नाहीत. काम झाल्यावर झाकण लावलं की दुसऱ्या आठवड्यात गेरूवर पांढरी लव. रात्रभर पंख्याखाली उघडं ठेवा. लव आलीच तर वरचा थर खरवडून काढा आणि पॅलेटच्या पाण्यात लवंगाच्या तेलाचा एक थेंब टाका. ट्यूबमधून नवे पॅन भरायचं काम डिसेंबरसाठी राखून ठेवा. तेव्हा दोन-तीन दिवसांत वाळतात. पावसाळ्यात मात्र ओल्यावर ओलं काम करायची चैन आहे: कागद चाळीस-चाळीस मिनिटं ओला राहतो, धुकं आणि पाऊस रंगवायला घाई करावी लागत नाही. ठसठशीत कडा हव्या असतील तर मात्र हेअर ड्रायर जवळ ठेवा.

स्प्रेचं व्हार्निश आणि कोळसा झडू नये म्हणून मारायचा फिक्सेटिव्ह पावसात मारायचा नाही. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दवबिंदूच्या खाली जातो आणि चित्रावर दुधी पडदा येतो. तैलरंगाला अंतिम व्हार्निशआधी सहा महिने ते वर्ष द्यावंच लागतं, तेव्हा जूनमध्ये संपवलेलं चित्र जानेवारीच्या कोरड्या दुपारी हाती घ्या. कॅनव्हास जुलैत सैल पडला म्हणून मागच्या खुंट्या ठोकत बसू नका. डिसेंबरात तो आपोआप ताणतो, आणि आधी ठोकलेला असेल तर कोपऱ्यात फाटतो.

फ्रेम करताना चित्र काचेला टेकता कामा नये, मधे माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. फोटोचा प्रिंट काचेला चिकटला तर तो सोडवता येत नाही, फाटतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळते. ॲक्रिलिकची मंडळी मे महिन्यात वेगळ्याच संकटात असतात: उन्हात टेम्पोत रंग मऊ होतो आणि बबल-रॅपचे गोल गोल ठसे चित्रावर कायमचे उमटतात. आधी बटर पेपर, मग बबल-रॅप, आणि बुडबुडे बाहेरच्या बाजूला.

मोठे कागद लोकलने न्यायचे तर ११० मिलिमीटरचा पीव्हीसी ड्रेनेज पाइप, हार्डवेअरच्या दुकानातून हवा तेवढा कापून, दोन्ही टोकांना टोप्या. दुकानात मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या दादरच्या पुलावर पोहोचेपर्यंत मऊ होतात.

तबला, तंबोरा, पेटी

पावसात पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, ढिली पडते आणि तबला उतरतो. गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या विणलेल्या वेणीवर, वरून हातोडी मारून चढवायचा, नाहीच चढला तर वादीखालचे लाकडी गट्टे खाली सरकवायचे, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. घात होतो तो नंतर. दमट घरात चढवलेला तबला एसीच्या सभागृहात नेला की तासाभरात कातडं आवळतं, सूर वर जातो, आणि आधीच ताणलेली पुडी किनारीशी फाटते. म्हणून सभागृहात किमान एक तास आधी पोहोचा, खोळ काढून तबला मंचावरच ठेवा, सूर चढत गेला तर गजऱ्याला खालून मारून उतरवत राहा. कार्यक्रम संपला की एक-दोन सूर खाली आणूनच खोळीत घाला. उन्हात किंवा हीटरसमोर तापवायचा नाही, मधली काळी शाई तडकते. हाताला पावडर लावत असाल तर शाईवर साचलेली पावडर रोज कोरड्या फडक्याने काढा. शाईत भाताची खळ असते, ओल मिळाली की तिथेही बुरशी येते.

तंबोऱ्याचा भोपळा आतून बघायची कुणाला सवय नसते. टॉर्च मारून बघा, पांढरी पूड दिसली तर कीड लागली आहे, थेट मिरजेच्या कारागिराकडे. पेटीच्या पट्ट्या फुगून अडकल्या तर तेल घालू नका. रोज दहा मिनिटं वाजवा, भात्याची हवाच सुरांना कोरडं ठेवते. न वाजणारी पेटी आधी मरते.

भरती

मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की नाल्यांचं पाणी समुद्रात जात नाही, ते हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे अशा सखल जागी थांबतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तेव्हाही दुपारची भरती होती. महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरच्या वरच्या भरतींचे दिवस जाहीर करते. ती यादी स्टुडिओच्या दारावर चिकटवा आणि त्या दिवशी चित्रं पोचवायचं, प्रदर्शन उतरवायचं काम धरू नका. कॅलेंडरवरून अंदाज घ्यायचा तर जुना हिशेब: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे सगळ्यात मोठी भरती, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात लहान. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, नेमकी वेळ तक्त्यातून घ्या. तळमजल्यावर काम करत असाल तर जून ते सप्टेंबर खालच्या तीन फुटांत काहीही ठेवू नका. प्लास्टरची गोणी तर नाहीच. ती पाणी न लागताही नुसत्या हवेने गोळे धरते, घट्ट झाकणाच्या बादलीत ओतून ठेवा.

उत्तरेचा उजेड

चित्रकाराने उत्तरेची खिडकी घ्यावी, हा सल्ला थंड देशांतून आला. मुंबई १९ अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य माध्यान्हीलाही इथे उत्तरेकडे असतो, आणि मार्च ते सप्टेंबर तो उगवतो-मावळतोही पूर्व-पश्चिमेच्या उत्तरेला. मेमध्ये त्या खिडकीतून सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन थेट कॅनव्हासवर येतं. जून-जुलैत ढगच पडदा धरतात, पण मेसाठी पांढरा सुती पडदा हवा. समोरची इमारत कुठल्या रंगाची आहे, तेही बघा; पिवळ्या इमारतीचा परावर्तित उजेड निळा रंग दिवसभर खोटा दाखवतो.

पाऊस परतला की ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक दिवस काढा. डबे, कपाटं रिकामी करा. लेन्सचं ॲपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च तिरका मारा; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे, लगेच साफ करायला द्या. उशीर झाला तर ती काचेवरचा मुलामा खाते आणि साफ केल्यावरही ठसा राहतो. चित्रांच्या पाठी बघा, बुचाचे तुकडे गळून पडले असतील तर नवे लावा. जेल भाजा, डब्यावर तारीख लिहा, आणि मापकाची मिठाची परीक्षा परत घ्या.